सगुणाबाई चितारीण आणि काचेवरील कुंचल्यांची हकीकत

श्री. जी रेघेच्या आधी कागदावर येऊन बसते आणि रंग वाळल्यावरही उठून जात नाही, त्या शारदेस दंडवत घालून, आणि जिने आजवर कोणाही चितारियास नाही म्हटले नाही त्या कोऱ्या जागेस दुसरा दंडवत घालून हे वर्तमान लिहावयास घेतले. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख मासीची गोष्ट. राज्य कोणते, ते लिहिण्याची आज्ञा नाही. तळ्याकाठी वसलेले, घरे थोडी, माणसे एकमेकांस नावानिशी ओळखणारी, आणि गादीवर आईसाहेब, न्यायास कडक आणि बोलण्यास मऊ, ऐसा त्या दौलतीचा थाट. तेथील चाल ऐसी की, दर दसऱ्यास तळ्यावरील देवीचे नवे चित्र दरबारच्या चित्रशाळेत सिद्ध व्हावे, मग ते छापून घरोघर जावे, आणि लोकांनी ते दाराच्या आतल्या अंगास लावावे, म्हणजे घराबाहेर पडणाऱ्याची शेवटची नजर देवीवर पडते आणि देवीची त्याजवर. ते चित्र काढण्याची सेवा निळोपंत चितारी यांजकडे होती. पंत अंगाने उंच, गळ्याने गोड, काम करिताना पदे म्हणत, आणि आपले काम उत्तम आहे हे त्यांस दुसऱ्या कोणी सांगावे लागत नसे. त्यांचे कुटुंब सगुणाबाई. त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून चित्रशाळेत पंतांच्या डाव्या हातास बसत, रंग खलीत, डिंकाचे पाणी करीत, शिंपल्यांत रंग भरून देत, आणि संध्याकाळी सगळे कुंचले रिठ्याच्या पाण्यात धुऊन, बोटांनी त्यांचे केस टोकास आणून, वळचणीस वाळत लावीत. बोलणे थोडके. पंतांनी हात मागे केला की त्यात पाहिजे तो कुंचला यावा, आणि पंतांनी तो न पाहता रंगात बुडवावा, इतका दोघांचा मेळ.

परंतु दोन वर्षे जाहली, एक गोष्ट घडत होती आणि ती दोघांतून कोणी बोलत नव्हते. पंतांचा कुंचला शिंपला चुकू लागला. तांबड्यास जावयाचा तो शेंदऱ्यास जाई. मग बाईंनी काय केले की शिंपल्यांची जागा ठरवून टाकिली, तांबडा सदा अंगठ्याजवळ, काळा सदा करंगळीजवळ, आणि ती कधी हलू दिली नाही, आणि पंतांनीही कधी विचारिले नाही की हे ऐसे का. मागील दसऱ्यास देवीचा एक डोळा दुसऱ्याहून जरासा खाली उतरला. लोकांनी ते चित्र दारास लाविले आणि आपसांत म्हणाले की यंदा देवीची मर्जी काही निराळी दिसते. बाईंनी तो डोळा पंत काढीत असतानाच पाहिला होता आणि त्या गप्प राहिल्या होत्या.

ऐशियास वैशाखात छापखानेवाल्याचा निरोप आला की, कागदावरचे चित्र येथून पुढे आम्ही घेत नाही, काचेवर काढिलेले असेल तेच पाठवावे. आईसाहेबांनी विचार केला, आणि शहरगावाहून एक काचपाटी आणविली, जिला तिकडील लोक टॅब्लेट म्हणतात, आणि तिजबरोबर काचेवर लिहावयाची लेखणी आणविली, आणि शिकवावयास शलाका कारखानीस म्हणून एक बाई आणविल्या. शलाकाबाई तिशीच्या, बोलण्यास भरभर, अंबाड्यात लेखणी खोचून ती सगळीकडे शोधावयाची त्यांस सवय. सर्वांस वाटले की पंत आता रुसणार, काचपाटीस हात लाविणार नाहीत. पंतांनीही मुखावर तसाच भाव आणून ठेविला होता. मग शलाकाबाईंनी गेल्या सालचे चित्र काचेवर आणिले, आणि त्यावर दोन बोटे ठेवून फाकविली, तो देवीचा डोळा परातीएवढा जाहला. पंत पुढे सरकले. मग हळूच म्हणाले, ते पुन्हा करून दाखवा. शलाकाबाईंनी पुन्हा केले. पंत काचेवर वाकले, पापणीचा केस न् केस बघितला, आणि त्यांनी जो श्वास सोडिला तो सगुणाबाईंनी डावीकडे बसून ऐकिला, आणि त्यांस सर्व समजले. त्यांस आनंद जाहला. आणि त्याच घडीस त्यांनी पुसलेला शिंपला पुन्हा पुसावयास घेतला, तो का, हे त्यांस तेव्हा उमगले नाही.

मग पंत त्या काचपाटीवर ऐसे लोभावले की जेवणाची शुद्ध राहिली नाही. त्या पाटीच्या पोटात कुंचले किती म्हणावे, पेन्सिलीसारखे, टाकासारखे, कोळशासारखे, ओल्या रंगाचे, सुक्या रंगाचे, नुसता फवारा उडविणारे, आणि खोडावयाचा म्हणून जो तोही कुंचलाच, मऊ पाहिजे तर मऊ आणि धारेचा पाहिजे तर धारेचा. लेखणी दाबिली तर रेघ जाड, हलकी धरिली तर बारीक. रंग दाट करावा की पातळ, एका फटकाऱ्यात किती उतरावा, हे बोटाने सरकवून ठरवावे. चित्राचे थर करावे, त्यांस ते लोक लेअर म्हणतात, एका थरावर तळे, दुसऱ्यावर पायऱ्या, तिसऱ्यावर देवी, म्हणजे पायरी बिघडली तरी देवीस ढका नाही. आणि चूक जाहली तर मागे घ्यावी, कागदास त्याची खबरही नसते. पंत म्हणत की, सगुणा, मी आजवर कुदळीने शेत खणीत होतो आणि मला कोणी सांगितलेच नाही. आणि मग म्हणत, आता तुला विसावा.

तो विसावा बाईंस जड गेला. डिंक भिजवावयाचा नाही, खल मांडावयाचा नाही. शिंपल्यांतला रंग वाळून त्यास भेगा पडल्या. बाई सवयीने चित्रशाळेत येत, डाव्या हातास बसत, आणि पंत हात मागे करीत नसत. मग बाई धुतलेले कुंचले पुन्हा धूत, आणि वळचणीस लावीत, आणि पाणी टाकावयास अंगणात जाऊन तेथेच थोडा वेळ उभ्या राहत. शलाकाबाईंच्या हे ध्यानी आले, त्यांनी एक दोन वेळा बाईंस काचपाटीजवळ बोलाविलेही, परंतु बाई म्हणाल्या की मला त्यातले काय कळते, आणि पदर सावरून मागे सरल्या.

पंतांनी चित्र योजिले होते ते फार गोड. देवी तळ्यात न्हाऊन पायरीवर बसली आहे, आणि ओले केस पाठीवर सोडून उन्हास वाळवीत आहे, जशी कोणा घरची लेक बसावी. आषाढात चित्र सिद्ध जाहले आणि आईसाहेबांपुढे नेले. दरबारी मंडळींनी माना डोलविल्या. अंग गुळगुळीत, पाणी गुळगुळीत, आभाळ गुळगुळीत, सर्व फवाऱ्याच्या कुंचल्याने घोटून काढिलेले, डाग म्हणून कोठे नाही. आईसाहेबांनी पुष्कळ वेळ पाहिले आणि मग बोलिल्या, "निळोपंत, चित्र देखणे आहे. पण ही आमची देवी नव्हे. ही कोठे न्हालीच नाही." इतकेच बोलून त्यांनी दसऱ्यास अजून अवकाश आहे असे सांगितले आणि दुसऱ्या कामास लागल्या. पंतांचा चेहरा उतरला. केस काळ्या कापडासारखे दिसत होते हे त्यांसही दिसत होते, कारण दोन बोटांनी मोठे करून पाहावयास तेच शिकले होते. चित्रशाळेत येऊन त्यांनी काचपाटी तेथील कपाटात घातली, आणि कारभाऱ्यांस कळविले की दुसरा चितारी पाहावा, आणि पुढे काही दिवस तळ्याच्या पायरीवर जाऊन नुसते बसू लागले. पदे म्हणणे बंद.

एके सायंकाळी सगुणाबाई त्यांच्यापाशी जाऊन बसल्या. बाई म्हणाल्या की काच नको तर नको, मी उद्या रंग खलिते, कागदावर काढू, छापावयाचे पुढचे पुढे. पंत पाण्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "सगुणा, मला दिसत नाही."

बाई म्हणाल्या, "ठाऊक आहे."

"केव्हापासून ठाऊक आहे?"

"तुम्हांस ठाऊक जाहले त्याच्या थोडे आधीपासून."

यावर पंत हसले आणि लागलीच त्यांच्या डोळ्यांस पाणी आले. मग त्यांनी सर्व सांगितले, की ते गुपचूप वैद्यास भेटून आले होते, मोतीबिंदू असता तर काढिता आला असता, परंतु हे डोळ्याच्या पडद्याचे दुखणे आहे, नजरेच्या मधोमध एक धुरकट ठिपका आहे आणि तो वाढत जाणार. कागदावर आता हात चालणे नाही. काचेवर सर्व मोठे होते म्हणून आशा वाटली होती, तर तेथे हात चालतो पण चित्र आपले होत नाही. बाईंनी विचारिले की केसांचे काय बिघडले. पंत म्हणाले की काचेत कुंचले शेकड्याने आहेत, मी सगळे लावून पाहिले, पण त्यात म्हातारी नाही. म्हातारी म्हणजे पंतांचा एक जुना खारीच्या केसांचा कुंचला, अर्धे केस झडलेला, उरलेले डावीकडे कललेले. केस, गवत आणि पाण्यावरची थरथर ही पंत त्याच एका कुंचल्याने काढीत आणि दुसऱ्या कशास तो वापरू देत नसत.

त्या रात्री बाईंनी म्हातारी वळचणीतून काढून उशाशी ठेविली. सकाळी उठून, न्हाऊन, म्हातारीस पदरात बांधून त्या एकट्याच चित्रशाळेत गेल्या. शलाकाबाई जावयाची बांधाबांध करीत होत्या. बाईंनी विचारिले की काचेतले हे सगळे कुंचले नवेच का, वापरून झिजलेला एकही कसा नाही. शलाकाबाई थबकल्या. मग म्हणाल्या की झिजत नाहीत हे खरे, परंतु पाहिजे तसा कुंचला घडविता येतो, कशाचाही ठसा काचेत घेतला की तो कुंचल्याचे टोक होतो. आणि पुढे म्हणाल्या, "पण काकू, खरा कुंचला मी कधी हाती धरिला नाही. मला तो दाखवा, मी तुम्हांला काच दाखविते." बांधलेले सामान तसेच कोपऱ्यात राहिले. मग बाईंनी काजळ कालविले, म्हातारीस त्यात बुडवून पांढऱ्या कागदावर टेकविली, आणि पाच सात विसकटलेल्या ठिपक्यांचा एक ठसा उमटला. शलाकाबाईंनी त्याचे छायाचित्र काढून काचेत घातले. पहिली रेघ ओढिली तो मुंग्यांची रांग चालल्यासारखे ठसे एकापुढे एक उमटले. दोघी हसल्या. मग शलाकाबाईंनी ठशांतले अंतर कमी केले, तो रेघ सलग जाहली, परंतु दोरीसारखी. मग बाई म्हणाल्या की दाबिली की ही फाकते, दाबिले नाही तर हिचे दोनच केस कागदास लागतात. तेही करून पाहिले. मग म्हणाल्या की वळताना ही डाव्या अंगास ओढिते, कारण यांच्या हाताचा भार तिकडे असतो. शलाकाबाईंनी तेही सरकवून पाहिले, आणि लेखणी बाईंपुढे धरून म्हणाल्या की जाहली की नाही हे मला कसे कळावे, तुम्हीच ओढून पाहा.

सगुणाबाईंनी आजवर रांगोळीवाचून रेघ ओढिलेली नव्हती. तरी त्यांनी लेखणी हाती घेतली. ओढिलेली रेघ निघाली फार सरळ, फार सफाईदार. बाई म्हणाल्या की ही माझी नव्हे. शलाकाबाई म्हणाल्या की खरेच, ही काच हाताची थरथर आपणहून पुसून टाकिते, आणि त्यांनी ते बंद केले. दुसरी रेघ निघाली वाकडी, मध्ये जाड, शेवटी फाटलेली. बाई तिजकडे पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. शलाकाबाईंनी विचारिले की मागे घेऊ का. बाई म्हणाल्या, राहू द्या.

त्या दिवसापासून बाई रोज येऊ लागल्या. म्हातारी घडविण्याचे निमित्त, पण तिजपायी बाकीच्यांचीही ओळख होत गेली. कोळशाचा कुंचला त्यांस चुलीच्या काजळीसारखा वाटला, त्याची भीती गेली. ओल्या रंगाचा कुंचला जेथे ठेवावा तेथे न राहता पसरे, त्यास त्या रागे भरत आणि पुन्हा तोच घेत. रंग फिसकटविणारा एक होता, तो त्यांस फार आवडला, कारण तो बोटासारखा वागे. फवाऱ्याच्या कुंचल्यास त्या लांबून नमस्कार करीत. काढावयाचे काय, तर समोर दिसेल ते, भेगा पडलेले शिंपले, खल, शलाकाबाईंचा अंबाडा आणि त्यातील लेखणी. घरी पंतांस यातले काही सांगितले नाही, भाजी आणावयास उशीर जाहला इतकेच सांगत. आणि भाद्रपदात एके सकाळी त्यांनी पंतांस हातास धरून उठविले, चित्रशाळेत आणिले, आणि लेखणी त्यांच्या हाती देऊन म्हणाल्या की ओढून पाहा.

पंतांनी अनिच्छेने एक बट ओढिली. थांबले. पुन्हा एक ओढिली. मग म्हणाले, ही डावीकडे वळली. बाई म्हणाल्या, वळणारच. पंतांनी लेखणी नाकाशी नेऊन पाहिली, जणू तिला रिठ्याचा वास येईल, आणि विचारिले की हिला येथे कोणी आणिले. शलाकाबाई बोलणार तो बाईंनी त्यांस खुणेने थांबविले. मग पंतांनी विचारणे सोडून दिले आणि देवीच्या केसांस हात घातला, आणि दुपारपावेतो ते केस पाठीवरून ओघळून पायरीवर आले आणि त्यांतून पाणी गळू लागले, आणि पंत पद म्हणत होते ते त्यांचे त्यांस कळले नाही.

पुढे जुने गुळगुळीत काम पुसून पंतांनी सर्व नव्याने काढिले, केस जाहले, वस्त्र जाहले, तळे जाहले. मुखावर येऊन मात्र हात अडला. धुरकट ठिपका आता इतका वाढला होता की डोळा मोठा करावा तर मुख दिसेना आणि मुख पुरते पाहावे तर डोळा दिसेना. त्याच खटपटीत बोट भलतीकडे सरकले आणि काचेवर निराळीच चित्रे उघडली, शिंपले, खल, अंबाडा. पंत वाकून एकेक बघत गेले. विचारिले, ही कोणाची? पंतांनी शिंपल्याची कड मोठी केली, आणखी मोठी केली, आणि मान वर न करिता म्हणाले, "ही कड रोज पुसणाऱ्याने काढिली आहे. सगुणा, देवीचे डोळे तू काढ."

बाई घाबरल्या. म्हणाल्या की हे माझे काम नव्हे, मी गमतीने काढीत होते, दाराच्या देवीस मी कसा हात लावू. तेव्हा पंत बोलिले, "मागल्या साली डोळा खाली उतरला तो तू पाहिलास आणि बोलली नाहीस. माझी दया केलीस. आता करू नको." हे बोलणे बाईंस लागले, कारण ते खरे होते. त्या पंतांच्या जागी बसल्या, आणि पंत प्रथमच त्यांच्या डाव्या हातास बसले. बाईंनी नवा थर केला, की बिघडले तर पंतांच्या कामास ढका नको, आणि कोळशाचा कुंचला घेतला. काढिले, खोडिले, पुन्हा काढिले. दोन डोळे एका रेषेत येईनात तो त्या उठून पाणी प्यायल्या आणि पुन्हा बसल्या. शेवटी जे डोळे आले ते कोणा जुन्या चित्रातले नव्हते. न्हाऊन बसलेल्या बाईस उन्हाने जरा गुंगी यावी आणि तेवढ्यात दारात कोणी आले म्हणून तिने पाहावे, तसे ते डोळे होते.

चित्र आईसाहेबांपुढे गेले. त्यांनी पाहिले, आणि नकळत स्वतःच्या केसांवरून हात फिरविला. मग विचारिले की डोळे कोणाचे. पंत म्हणाले, आमच्या घरचे. आईसाहेबांनी सगुणाबाईंस जवळ बोलावून त्यांची बोटे हाती घेतली, आणि वर्षानुवर्षे रंग खलून त्यांत मुरलेला डाग होता तो लपवू दिला नाही, आणि आज्ञा केली की चित्राखाली दोघांची नावे घालावी, आणि येथून पुढे चित्रशाळेची चितारीण म्हणून सगुणाबाईंस वस्त्रे द्यावी. कारभाऱ्यांचे कपाळ आठ्यांनी भरले, कारण ऐसे पद आजवर दप्तरात नव्हते. आईसाहेब म्हणाल्या की मग आजपासून आहे. शलाकाबाईंनी जाताना म्हातारी मागून घेतली, काचेतली, खरी नव्हे. दसऱ्यास चित्र घरोघर गेले, आणि देवीने आताच आपल्याकडे पाहिले ऐसे वाटून पुष्कळ लोक दाराबाहेर पडताना उगाच एक पाऊल मागे घेऊ लागले, ऐसे ऐकिवात आहे.

पुढील साली पंतांस उजेड आणि सावली इतकेच उरले. बाई चित्र काढावयास बसल्या, पंत डाव्या हातास येऊन बसले. कागदावर कुंचला फिरे तेव्हा त्याचा आवाज येई, त्यावरून पंतांस कळत असे की रेघ कोठवर आली. काचेवर आवाज नाही. पंत काही वेळ कान देऊन बसले, मग मांडीवर हात ठेवून उगे राहिले. बाईंनी ते पाहिले. आणि जी बाई जन्मभर कामास बसली की मुकी, ती बोलू लागली, की आता कपाळावरून खाली येते आहे, हलका हात आहे, आता भुवई, आता दाबिते, आता वळले. पंत म्हणाले, "थांबू नको." बाई थांबल्या नाहीत.

वर्तमान येथवर. त्या साली चितारी दोन आणि चित्र एक, आणि ते चित्र कोणाचे म्हणावे, हा वाद त्या राज्यात कोणी घातला नाही. लिहिणाऱ्याने पाहिले तेवढे लिहिले. अधिक उणे जाहले असल्यास वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. इति.